तिच्या आधी कुणी जेवायचं नाही

मी आहारतज्ज्ञ होते असं सांगितलं की समोरची माणसं आधी पोट आत घेतात आणि मग हातातलं भजं गुपचूप ताटात ठेवतात. लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसायला आमचे नातेवाईक आजही कचरतात. वास्तविक नोकरीत मी कुणाला ‘खाऊ नका’ असं फारसं म्हटलेलंच नाही. माझी सगळी हयात लोकांना ‘खा हो, दोन घास तरी खा’ म्हणण्यात गेली. कॅन्सरच्या माणसाला खायला लावणं हे माझं काम होतं, आणि ते किती जिकिरीचं असतं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल.

सुरुवात मात्र खायला घालण्यापासून झाली नाही, चौकशीपासून झाली. जालना जिल्हा तेव्हा नवानवा झाला होता. मी भोकरदनच्या एका मास्तरांची मुलगी, परभणीहून गृहविज्ञान शिकून आले होते. ‘एवढा खर्चा करून पोरीला सैपाक शिकवला’ म्हणून भावकीने वडिलांची पुरेशी चेष्टा करून घेतली होती. जालन्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात एक डॉक्टर होते. आपल्या भागातली माणसं खातात काय, आणि त्याचा कॅन्सरशी काही संबंध आहे का, हा एकच किडा त्यांच्या डोक्यात असे. त्यासाठी घरोघर जाऊन विचारणारं माणूस हवं होतं. चुलीपर्यंत पुरुषाला कोण जाऊ देणार, म्हणून बाई हवी होती. अर्ज करणारी बाई मी एकटीच निघाले. माझी निवड गुणवत्तेवर झाली असं मी आजवर सांगत आले आहे.

काम ऐकायला सोपं होतं. सकाळी एखाद्या घरी जायचं. पीठ, डाळ, तेल, गूळ जे काही चुलीवर चढणार ते आधी तोलायचं, आणि जेवणं झाल्यावर उरलेलं पुन्हा तोलायचं. मधला फरक म्हणजे त्या घराने खाल्लेलं अन्न. पण दवाखान्यातली बाई येणार म्हटल्यावर ती पाहुणी झाली, आणि पाहुणीसमोर नुसती भाकरी-चटणी ठेवणं आमच्याकडे कुणाला पटणार? ज्या घरात जावं तिथे पुरण शिजत असे. एका घरी तर शेजारणीकडून तेल-गूळ मागून आणून शिरा केला, आणि मी तो इमानेइतबारे तोलला. डॉक्टरांनी पहिल्या गावाचे कागद वाचले, चष्मा काढला आणि विचारलं, “हे गाव आहे का लग्नाचा मांडव?”

मग आम्ही शहाणे झालो. एका घरी लागोपाठ जायचं ठरलं. पहिल्या दिवशी पुरण, दुसऱ्या दिवशी भजी, आणि नंतर घरातल्यांना माझा कंटाळा आला की येसरची आमटी, ज्वारीच्या कण्या, अंबाडीची भाजी असं खरं अन्न दिसायला लागे. सुरुवातीची वजनं आम्ही सरळ फेकून देत असू. काही घरांत मात्र माझं आडनाव विचारून झाल्यावर पुरण शिजतच नसे. तिथे काटा मी ओट्यावर ठेवायची आणि घरातली बाई आतून पीठ आणून वरून पारड्यात सोडायची, भांड्याला माझा हात लागू नये म्हणून. राग यायचा. उठताना मी खणखणीत ‘जय भीम’ घालायची आणि निघायची. पण कामाच्या दृष्टीने हीच घरं सोयीची होती, कारण तिथे पहिल्याच दिवशी खरं अन्न तोलायला मिळायचं.

तोलण्याइतकंच विचारणंही असे. ‘काल काय खाल्लं?’ हा आमच्या धंद्यातला मूळ प्रश्न. पुरुष ‘रोजच्यासारखंच’ म्हणून मोकळे होत. बायका मात्र भरभरून सांगत: वरण, भाकरी, वांग्याची भाजी, ताक. मी लिहून घेई. एकदा परतूरच्या बाजूला एका बाईला मी सहज विचारलं, “आणि तुम्ही जेवायला बसलात तेव्हा काय होतं?”

“मी व्हय?” ती हसली. “मव्हं कशाला लिहिता, म्याडम? मी बसले तव्हा भाकर व्हती की. अन् चटणी.”

“भाजी?”

“भाजी पोरांनी पुसून खाल्ली. लई मस्त झाल्ती.”

भाजी मस्त झाल्याचा तिला खरोखर आनंद होता. त्या दिवसापासून बायकांना ‘काय खाल्लं’ असं विचारणं मी सोडलं आणि ‘काय उरलं होतं’ असं विचारायला लागले. बाई जे रांधते ते खात नाही, जे उरतं ते खाते, हे कळायला काही पदवी लागत नाही. माझ्या आईकडे नीट बघितलं असतं तरी कळलं असतं.

लोक विचारतात, एवढं तोलून-विचारून शेवटी निघालं काय? काय खाल्लं की कॅन्सर होत नाही? असं एक अन्न काही आम्हाला सापडलं नाही. तंबाखू, मिसरी, गुटखा सोडा, आणि भाज्या-फळं जमतील तेवढी खा, हे आम्ही सांगत राहिलो. लोकांना नेमकं हेच नको असे. त्यांना सोडायचं काही नको होतं, खायचं काहीतरी हवं होतं. जुन्या जालन्यात धान्याचे एक मोठे व्यापारी होते. थोरला भाऊ तोंडाच्या कॅन्सरने गेल्यापासून ते धास्तावले होते, आणि कुठेतरी गाजराचे गुण वाचून त्यांनी गाजरांचा सपाटा लावला होता. कावीळ झाली म्हणून घाबरेघुबरे होऊन आमच्याकडे आले. तळहात पिवळेधमक, डोळे मात्र स्वच्छ. कावीळ असती तर डोळे आधी पिवळे झाले असते. डॉक्टरांनी त्यांना हसू दाबत माझ्याकडे पाठवलं.

“किती गाजरं खाता, शेटजी?”

“जादा न्हाई. सकाळी किलोभर, संध्याकाळी किलोभर.”

हे बोलताना त्यांचे शब्द जड येत होते, कारण गालात सुपारी-तंबाखूचा तोबरा होता. मी त्या गालाकडे बोट दाखवलं.

“ह्याच्यासाठीच तर गाजर खातो ना, बाई,” शेटजी म्हणाले. “हिसाब बराबर.”

गाजरं कमी केल्यावर त्यांचा पिवळेपणा उतरला. तोबरा सोडवायला मात्र मला त्यांच्या गादीवर जाऊन, गिऱ्हाइकांसमोर, त्यांच्या सुनेला साक्षीला घेऊन बसावं लागलं. अखेर सुटला. आमच्या कामात शाबासकीचे प्रसंग थोडे, म्हणून हा मी दर लग्नकार्यात सांगते.

पुढे पाहणीचं काम आटोपलं आणि मी दवाखान्यातच पेशंटचा आहार बघायला राहिले. तिथे माझा सामना पथ्याशी झाला. आमच्याकडे औषध बदलतं, डॉक्टर बदलतो, पथ्य बदलत नाही. एक पथ्य वैद्याचं, एक मामीने सांगितलेलं, एक शेजारच्या गावात बऱ्या झालेल्या कुणाचं. सगळी एकदम पाळली की माणसाला खायला काही म्हणता काही उरत नसे. गव्हांकुरांचा रस, गोमूत्र, कडुनिंब, काढे, सगळं माझ्या टेबलावर येई. मी हसत नसे. ज्याने बिघडत नाही ते चालू द्यायचं, जे इलाजाच्या आड येईल ते डॉक्टरांना सांगून थांबवायचं, आणि जे आपल्याला माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचं, असा आमचा रिवाज होता. पण उपाशी ठेवणारं पथ्य आलं की माझं डोकं फिरे.

द्वारका आली ती असं पथ्य घेऊनच. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं असतील. मंठ्याजवळच्या एका गावची, तिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई. सोबत नवरा भगवान आणि सासू गयाबाई. घरची थोडी शेती आणि मोसंबीची काही झाडं. द्वारकेच्या गर्भपिशवीच्या तोंडाशी कॅन्सरची गाठ होती, आणि अंगावरून जाऊन जाऊन तिचं रक्त पार कमी झालं होतं. आमच्या डॉक्टरांनी भगवानला समोर बसवून सांगितलं, “गाठ अजून आटोक्यातली आहे. औरंगाबादला लाईट घेतले तर ही बाई बरी होऊ शकते. पण अंगात रक्त नसेल तर लाईट देऊन उपयोग नाही. आधी रक्त वाढलं पाहिजे.” लाईट म्हणजे किरणांचा इलाज, आमच्याकडे त्याला सगळे लाईटच म्हणतात. रक्ताची बाटली दिली, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. राहिलेलं काम, म्हणजे तिच्या पोटात अन्न घालणं, माझं होतं.

मी ताट पाठवायची आणि ताट जसंच्या तसं परत यायचं. तोंडाला चव नसेल म्हणून मी पदार्थ बदलून पाहिले. शेवटी एकदा जेवणाच्या वेळी वॉर्डात जाऊन उभी राहिले, तर गयाबाई पिशवीतून डबा काढून सुनेला वाटीने काहीतरी पाजत होत्या. मुगाचं पाणी. मीठ नाही, तेल नाही, खाली डाळीचा एक दाणा नाही.

“भोकरदनकडच्या मुळीवाल्या बाबाचं पथ्य हाये,” गयाबाईंनी मला समजावून सांगितलं. “गाठ तिच्या पोटात बसून खाऊन राह्यली, माय. आपण चारलं का ती वाढती. तिला उपाशी मारायची.”

“गाठीआधी द्वारका मरेल.”

“असं वंगाळ बोलू न्हाई,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या ओंजळीत भाजलेल्या शेंगा घातल्या.

या बाईचा मला आधी संताप आला. मग तिचं करणं बघितलं. दवाखान्याच्या मागे तीन विटांची चूल मांडून ती ते पाणी वेगळ्या भांड्यात शिजवत होती, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हती. सून घरात आली तेव्हा पोरसवदा होती; तिला न्हाऊ-माखू घालून, वेणी घालून या सासूनेच वाढवली होती. उपाशी मारणाऱ्या सासवा मी पुष्कळ पाहिल्या होत्या. इतक्या मायेने उपाशी ठेवणारी ही पहिलीच. रक्त, लोह, प्रथिनं यांवर मी तिला समजतील अशी चांगली व्याख्यानं दिली. ती मान डोलावून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मुगाचं पाणी. डॉक्टर रागावले तर म्हणाली, “मंग घरी नेतो आमी.” आणि तिने खरंच नेली असती.

द्वारकेचं वजन उतरत होतं. मी एस.टी. धरली आणि भोकरदनला गेले, तिथून त्या बाबाच्या गावाला.

भांडायच्या तयारीने गेले होते. बाबा अंगणात तूर पाखडत बसला होता. माझं आडनाव-गाव विचारून झाल्यावर म्हणाला, “मास्तरांची पोर का तू? मव्हा भाऊ व्हता त्यांच्या हाताखाली. लई मार खाल्ला त्यानं.” चहा झाला. मी द्वारकेचं सगळं सांगितलं, रक्ताचं, लाईटचं, आणि म्हटलं, “बाबा, तुमचं पथ्य तिला मारतंय.”

तो चिडला नाही. सूप बाजूला ठेवलं.

“पोरी, तुला खरं सांगू का? मी मागं एकाला म्हणलो, मुळी घे अन् समदं खा. त्यो पुन्हा आलाच न्हाई. दुसऱ्या बाबाकडं गेल्ता. त्यानं तेल-मीठ तोडलं, तर ह्याला त्यो बाबा मोठा वाटला. पथ्य कडक असल तरच मानसाला वाटतं का आपल्यासाठी कुनी काही करून राह्यलं. घरच्यायला बी काम मिळतं. न्हाई तर ते बिचारे हात बांधून बघत बसत्यात.”

हे मला कुठल्याही वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, “मग पथ्य मागे घ्या.”

“मागं घेतलं तर मव्हं नाव जाईन.”

“मागे नका घेऊ. पुढचं द्या. हे पहिलं झालं, आता दुसरं सुरू.”

बाबा हसायला लागला. मग आम्ही दोघांनी तिथे बसून पथ्य तयार केलं. मी म्हणे, शेंगदाणे-तीळ-गुळाचा लाडू. तो म्हणे, पूर्वेला तोंड करून. मी म्हणे, दूध. तो म्हणे, तांबड्या गाईचं. मी म्हणे, तांबडी गाय आता कुठे शोधतील? तर म्हणाला, बरं, म्हशीचं चालंल पर धारोष्ण. मी म्हटलं, उकळून. तो म्हणाला, उकळून, पर पितळेच्या पेल्यात. गावरान अंडं, डाळ घट्ट, लोहाची गोळी मोसंबीच्या रसाबरोबर. रसाने गोळीतलं लोह अंगी चांगलं लागतं, एवढं शास्त्र मी त्यात घुसवलं. मुळीचं काय, विचारलं. तिने बिघडेल का ते मला माहीत नव्हतं आणि त्यालाही नव्हतं. लाईट संपेपर्यंत मुळी झोपवून ठेवायची, यावर तोडपाणी झालं.

उठता उठता मला परतूरकडची ती भाकर-चटणीवाली आठवली. घरी गेल्यावर हा लाडू कुणाच्या पोटात जाणार हे मला दिसत होतं. म्हटलं, “बाबा, अजून एक. द्वारकेने सगळ्यांच्या आधी जेवायचं. ती जेवेपर्यंत घरात कुणी घास घ्यायचा नाही.”

बाबाचा चेहरा गंभीर झाला. सून आधी आणि सासू नंतर, हे त्याच्याही घरात कधी झालं नसणार.

“हे लई कडक हाये,” तो म्हणाला. मग स्वतःशीच मान हलवली. “बराबर बसंल.”

जालन्याला परतल्यावर डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे आता आपण मुळीवाल्याच्या हाताखाली का?” असं त्यांनी विचारलं. मग म्हणाले, “रक्त वाढलं तर मला चालेल.”

भगवान बाबाकडे जाऊन नवं पथ्य त्याच्या तोंडून घेऊन आला. गयाबाईंनी ते हात जोडून ऐकलं आणि त्याच संध्याकाळपासून अंमल सुरू झाला. मला वाटलं होतं, आता सगळं सुरळीत होईल. पण ताट पुढे आलं आणि द्वारकेला घास उचलवेना. सासू समोर उपाशी बसलेली आणि आपण जेवायचं, हे तिच्या हाताला माहीतच नव्हतं.

“आत्याबाई, तुमी खा ना आधी. मी खाते मंग.”

“मला पापात पाडती का? खा गुमान.”

द्वारका रडायला लागली. गयाबाईंनी कपाळाला हात लावला, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, तशाच वळून भिंतीकडे तोंड करून बसल्या. सून जेवेपर्यंत हलल्या नाहीत. मी दारातून बघत होते. माझ्या वजनकाट्याला जे जमलं नव्हतं ते त्या पाठमोऱ्या म्हातारीने केलं.

आणि एक गोष्ट झाली, जी मी किंवा बाबाने योजलेली नव्हती. द्वारकेला भूक नव्हतीच. पण आपल्यापायी म्हातारी भुकेली बसलीय, नवरा व्हरांड्यात चकरा मारतोय, हे तिला बघवत नव्हतं. ती त्यांच्यासाठी जेवायची. भराभर नाही, पण जेवायची. बाटल्या, गोळ्या आणि हे जेवण, कशाचा किती वाटा होता ते मी सांगू शकत नाही, कुणी सांगू नये. पण रक्त वाढलं आणि द्वारका लाईटसाठी औरंगाबादला गेली.

लाईट सुरू झाल्यावर पोट बिघडतं. तेव्हा लाडू-बिडू बंद करून मऊ भात, ताक, सफरचंद शिजवून असं द्यावं लागतं. भगवान जालन्याला येऊन मला विचारून जाई, आणि तिकडे गेल्यावर ‘पथ्यात फेर झाला’ म्हणून आईला सांगे. त्याला सगळं ठाऊक होतं. बाबानेच त्याला सांगून ठेवलं होतं की, काही अडलं तर मास्तरांच्या पोरीला विचार. इलाज पुरा झाला. दारात उभी राहिलेली द्वारका बघून डॉक्टरांनी आमच्या सगळ्यांना चहा मागवला होता, एवढं मला आठवतं.

नंतरची चार-पाच वर्षं बरी गेली. तपासणीला येताना ती मोसंबी घेऊन यायची. अंगाने भरली होती, बोलायला लागली होती. एकदा मी गयाबाईंना म्हटलं, “आता पथ्य सुटलं. सगळे मिळून जेवत जा.” तर त्यांनी मला झटकून टाकलं. “बाबानं दिलेलं पथ्य हाये. तुमी कोन सोडवनार?” द्वारका तोंडाला पदर लावून हसत होती. त्या घरात पहिलं ताट सुनेचं वाढलं जात होतं, आणि गावातल्या बायका ते बघायला काहीतरी निमित्त काढून जेवणाच्या वेळी येत, असं तिनेच मला सांगितलं. मला फार सुख वाटलं. आमच्या कामात असं सुख रोज मिळत नाही.

मग दुखणं उलटलं. पाठीत कळा सुरू झाल्या, पाय सुजले. औरंगाबादला दाखवलं, आमच्या डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. आता दुखणं थांबवायच्या गोळ्यांपलीकडे कुणाकडे काही नव्हतं. भगवान तिला घरी घेऊन गेला. मी काय देणार होते? पातळ पेज, नाचणीचं सत्त्व, जे जाईल ते, असं सांगितलं.

एके दिवशी सकाळीच भगवान दवाखान्यात आला. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. मला वाटलं, संपलं.

“हाये अजून,” तो म्हणाला. “पर घोटभर पानी बी ठरत न्हाई तिच्या पोटात. अन् म्याडम, आई जेवून न्हाई राह्यली. परवापासून तोंडात काई घातलं न्हाई तिनं. ती जेवल्याबिगर कसं जेवू म्हणती. लेकरं शेजारी नेऊन जेवू घालतो. मी बाहेर खाल्लं, खोटं कशाला बोलू. पर आई मरंल.” मग खाली बघत म्हणाला, “बाबा तर वारला परसालीच. आता पथ्य तुमीच सोडवा.”

मी त्याच्यासोबत निघाले.

घरात चूल थंड होती. द्वारका खाटेवर होती. पांघरुणाखाली माणूस आहे असं वाटत नव्हतं. मला ओळखलं, ओठ हलवले. गयाबाई खाटेच्या पायाशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि त्यांच्याही चेहऱ्यात काही उरलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ बसले.

“गयाबाई, जेवून घ्या. पथ्य सुटलं.”

“ते बाबाचं हाये.”

“तिने आधी जेवायचं, हे बाबाचं नव्हतं. बाकीचं त्याचं. एवढं मी घातलं होतं त्यात. मी घातलं, मी सोडवते.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता त्या चिडतील असं वाटलं, आणि चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

“तू घातलं व्हय, माय?” त्या हळू म्हणाल्या. “बरं केलं. मला तर आजवर कुनी आधी बस म्हणलं न्हाई. पर तिला आधी वाढायची सवं लागली अन् मला ग्वाड लागलं ते. ती जेवली का मव्हं अर्धं पोट तिथंच भरायचं. आता ती जेवत न्हाई. मी कुनाच्या नंतर जेवू?”

इतकी वर्षं मी लोकांना खायला लावत होते, आणि या एका भुकेल्या बाईला खा म्हणायला माझ्याजवळ शब्द नव्हता. मी तिचा हात धरून नुसती रडत बसले.

खाटेवरून आवाज आला. द्वारका भगवानला काहीतरी सांगत होती. त्याने वाकून ऐकलं आणि बाहेर गेला. शेजारणीकडून वरण-भाताचं ताट घेऊन आला आणि ते तिच्या उशाशी धरलं. तिला उठवून बसवायला आम्ही दोघं लागलो. तिने हात उचलला, वरणात एक बोट बुडवलं आणि ओठाला लावलं. गिळता काही आलं नाही. वरण ओठावरच राहिलं.

“झालं मव्हं,” ती म्हणाली. “द्या आत्याबाईला.”

भगवानने ताट आईसमोर ठेवलं. सासूने सुनेचं उष्टं खाल्लेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. गयाबाईंनी ताट मांडीशी ओढून घेतलं, वरण भातात कालवलं आणि पहिला घास घेतला. द्वारका उशीवरून एकटक बघत होती. म्हातारी मध्येच थांबली की ती हाताची बोटं जराशी हलवायची, आणि म्हातारी पुढचा घास घ्यायची. असं करत ताट पुसून झालं.

मग गयाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि दाराकडे बघून लेकाला हाक मारली.

“ये रे भगवान, बस जेवायला. द्वारका जेवली.”